सहांतले चार: पोकेमॉन व्हीजीसीसाठी टीम कशी बांधावी

व्हीजीसी (व्हिडिओ गेम चॅम्पियनशिप्स) ही पोकेमॉन या व्हिडिओ गेमची अधिकृत स्पर्धा. तिच्या सामन्यात तुम्ही सहा पोकेमॉन दाखवता आणि खेळवता फक्त चार. समोरचाही तेच करतो. दोघांना एकमेकांचे सहा दिसतात, निवडीसाठी ९० सेकंद मिळतात, आणि मग मैदानात दोन विरुद्ध दोन असा डबल्सचा खेळ सुरू होतो. सगळे पोकेमॉन लेव्हल ५० वर आणले जातात. एकच पोकेमॉन दोनदा घेता येत नाही आणि एकच आयटम दोघांना देता येत नाही.

नव्या खेळाडूंच्या टीम बहुतेक वेळा याच ‘सहा आणि चार’पाशी अडतात. सहा दणकट पोकेमॉन जमवलेले असतात, पण अमक्या टीमसमोर यातले कोणते चार आणि पहिल्या टर्नला कोणते दोन, असं विचारलं की उत्तर नसतं. माझ्या मते टीम बांधण्याचं काम म्हणजे या प्रश्नाची उत्तरं आधीच तयार करून ठेवणं. या लेखात एक टीम पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या आयटमपर्यंत बांधून दाखवतो. टीम उचलून तशीच खेळली तरी चालेल, पण बांधताना कोणता प्रश्न कधी विचारला याकडे जास्त लक्ष द्या. नियम बदलतील, पोकेमॉन बदलतील, प्रश्न तेच राहतील.

आधी हाताशी काय हवं

अठरा टाइपचा तक्ता (कोणत्या टाइपचा हल्ला कोणत्या टाइपला किती लागतो) पाठ हवा. डबल्समध्ये एका टर्नला चार पोकेमॉनचा विचार करायचा असतो आणि घड्याळ चालू असतं. तेव्हा फायर स्टीलवर दुप्पट पण ड्रॅगनवर निम्मा, हे शोधत बसायला वेळ नसतो.

सरावासाठी पोकेमॉन शोडाउन हा फुकटचा सिम्युलेटर आहे. तो ब्राउझरमध्ये चालतो, फोनवरही. त्यात पोकेमॉन पकडावे लागत नाहीत की वाढवावे लागत नाहीत, हवी ती टीम दोन मिनिटांत टाइप करून खेळता येते. ज्यांच्याकडे स्विच नाही त्यांनीही इथूनच सुरुवात करावी, कारण टीमबांधणीचं खरं शिक्षण इथंच होतं. दुसरी गोष्ट डॅमेज कॅल्क्युलेटर, म्हणजे कोणता हल्ला किती इजा करेल ते सांगणारं साधन. तो दुसऱ्या टॅबमध्ये कायम उघडा ठेवा.

पहिली पायरी: नियम वाचा

अधिकृत स्पर्धा ‘रेग्युलेशन’नुसार चालते आणि ती ठरावीक काळाने बदलते. एखाद्या रेग्युलेशनमध्ये मोठे लेजेंडरी चालतात, एखादीत नाहीत. इथलं उदाहरण मी स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेमच्या रेग्युलेशन एचमधून घेतो. ती सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात लेजेंडरी, मिथिकल आणि पॅराडॉक्स असे तिन्ही गट बंद होते. अवाढव्य आकड्यांचे पोकेमॉन बाजूला गेल्यामुळे साध्या पोकेमॉनच्या जोड्यांना वाव मिळाला. शिकण्यासाठी यापेक्षा चांगली रेग्युलेशन मला तरी दिसत नाही.

नियमांसोबत वापराची आकडेवारीही पाहा. शोडाउनचे दर महिन्याचे आकडे उपलब्ध असतात. वरचे दहा-बारा पोकेमॉन लिहून काढा. तुमच्या टीमची परीक्षा तेच घेणार आहेत. आपल्या उदाहरणात ती नावं अशी धरू: इन्सिनरोर, स्नीझलर, ड्रॅगोनाइट, घोल्डेंगो, गारचॉम्प, किंगॅम्बिट, अमूंगस, व्हिम्सिकॉट, पेलिपर आणि आर्कालुडॉन.

दुसरी पायरी: एक कल्पना, दोन पोकेमॉन

टीमची सुरुवात जोडीने करा. ‘हे दोघं एकत्र असले की असं काय होतं जे एकट्याने होत नाही?’ याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे.

आपली जोडी टॉरकोल आणि हिसुइयन लिलिगंट. टॉरकोल मैदानात आला की त्याच्या ड्रॉट या अॅबिलिटीमुळे (खास गुणामुळे) ऊन पडतं. उन्हात फायरचे हल्ले दीडपट होतात. त्याचा इरप्शन हा हल्ला तब्येत (एचपी) पूर्ण असताना १५० पॉवरचा असतो आणि समोरच्या दोघांनाही लागतो. अडचण अशी की टॉरकोलचा बेस स्पीड (जातीचा मूळ वेग) फक्त २०. त्याची पाळी येईपर्यंत त्याला मार बसतो, आणि इरप्शनची पॉवर उरलेल्या तब्येतीच्या प्रमाणात घटते. एक तृतीयांश तब्येत गेली की १५० चे १०० होतात.

लिलिगंट ही अडचण सोडवते. तिच्या क्लोरोफिल अॅबिलिटीमुळे उन्हात तिचा स्पीड दुप्पट होतो. ती आफ्टर यू हा मूव्ह टॉरकोलवर वापरते, आणि तिच्या लगेच नंतर टॉरकोलची पाळी येते. मैदानातला सगळ्यात संथ पोकेमॉन दुसऱ्या क्रमांकावर, पूर्ण तब्येतीत, १५० च्या पॉवरने हल्ला करतो.

कल्पना मिळाली. आता ती खरंच पुरेशी जोरदार आहे का ते आकड्यांत पाहायचं.

तिसरी पायरी: गणित

डॅमेजचं सूत्र कॅल्क्युलेटर सांभाळतो, पण त्याच्या आत काय चालतं ते एकदा समजून घ्या. मूळ आकडा हल्ल्याची पॉवर, मारणाऱ्याचा अटॅक आणि खाणाऱ्याचा डिफेन्स (इरप्शनसारख्या स्पेशल हल्ल्यांत स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स) यांवरून निघतो. मग गुणक लागतात. दोघांना लागणारा हल्ला असेल तर ०.७५, पोषक हवामान असेल तर १.५, स्वतःच्या टाइपचा हल्ला असेल तर १.५, आणि शेवटी टाइपच्या तक्त्याचा गुणक. या सगळ्यात ८५ ते १०० टक्क्यांमधला एक यादृच्छिक आकडाही असतो. असे सोळा आकडे शक्य आहेत, आणि प्रत्येकाची शक्यता सारखी.

स्पेशल अटॅकला पोषक नेचर (स्वभाव) आणि २५२ ईव्ही (सरावाने मिळणारे गुण) दिले की टॉरकोलचा स्पेशल अटॅक १५० होतो. समोर स्नीझलर उभा आहे असं समजा. त्याने तब्येतीत किंवा स्पेशल डिफेन्समध्ये काही गुंतवलेलं नसेल तर त्याची तब्येत १५५ आणि स्पेशल डिफेन्स १००. उन्हातला इरप्शन त्याला १४४ ते १७१ डॅमेज करतो. सोळापैकी नऊ आकड्यांना स्नीझलर पडतो, सातांना वाचतो. वाचलेला स्नीझलर तुमचं बरंच नुकसान करू शकतो.

आता टॉरकोलच्या हातात चारकोल द्या. हा आयटम फायरच्या हल्ल्यांची पॉवर २० टक्क्यांनी वाढवतो. कमीत कमी डॅमेज १७१ वर जातं, म्हणजे सोळापैकी सोळा. नाण्याची उडवाउडवी होती ती खात्री झाली.

आयटम असाच निवडायचा. ‘चारकोल चांगला असतो’ हे कारण नव्हे. हीट रॉक दिला असता तर ऊन पाचऐवजी आठ टर्न टिकलं असतं, आणि तोही चांगलाच आयटम आहे. पण आपली कल्पना पहिल्या दोन टर्नमध्ये फटका मारण्याची आहे, त्यामुळे तिसऱ्या टर्ननंतरच्या उन्हापेक्षा पहिल्या टर्नची खात्री जास्त मोलाची.

चौथी पायरी: स्वतःविरुद्ध खेळा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. कागद घ्या आणि समोरचा तुमची जोडी कशी मोडेल ते लिहा.

फेक आउट पहिला. पोकेमॉन मैदानात आल्यावर पहिल्याच टर्नला चालणारा हा मूव्ह +३ प्रायॉरिटीचा (म्हणजे स्पीड न पाहता आधी होणारा) आहे आणि ज्याला लागतो त्याची पाळी वाया जाते. इन्सिनरोरने तो लिलिगंटला मारला की आफ्टर यू होत नाही आणि टॉरकोल परत शेवटी जातो. इन्सिनरोर जवळपास प्रत्येक दुसऱ्या टीममध्ये दिसतो, त्यामुळे हा धोका रोजचाच.

वाइड गार्ड. दोघांना लागणारे हल्ले त्या टर्नपुरते अडवतो, म्हणजे इरप्शन पूर्ण फुकट.

पाऊस. पेलिपर आला की ऊन जातं, फायर निम्म्यावर येतं आणि लिलिगंटचा दुप्पट स्पीडही जातो. मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. दोन हवामानवाले एकाच वेळी मैदानात उतरले तर संथ असलेल्याची अॅबिलिटी नंतर लागते आणि तीच टिकते. टॉरकोल पेलिपरपेक्षा खूपच संथ, म्हणून दोघं लीडला (सुरुवातीच्या दोघांत) आले तर ऊन राहतं. धोका आहे तो पेलिपर नंतर आत येण्याचा.

टेलविंड. व्हिम्सिकॉट प्रँकस्टर या अॅबिलिटीमुळे तो बहुतेकांच्या आधी लावते आणि समोरच्या टीमचा स्पीड दुप्पट होतो.

ड्रॅगोनाइट. हा सगळ्यात बोचरा. ड्रॅगन आणि फ्लाइंग असल्यामुळे फायर, ग्रास, फायटिंग तिन्ही त्याला कमी लागतात. मल्टिस्केलमुळे पूर्ण तब्येतीत बसणारा पहिला मार निम्मा होतो. त्यावर +२ प्रायॉरिटीचा एक्स्ट्रीम स्पीड. आपल्या जोडीकडे त्याच्यासाठी काहीही नाही.

शिवाय फ्लॅश फायर असलेले पोकेमॉन, उदाहरणार्थ सेरुलेज. त्यांना फायर लागतच नाही, उलट त्यांचे स्वतःचे फायरचे हल्ले वाढतात.

उरलेले चार पोकेमॉन या यादीतून निघतील. ‘टीममध्ये एक वॉटर, एक इलेक्ट्रिक हवाच’ अशा सर्वसाधारण हिशेबाने जागा भरू नका.

पाचवी पायरी: जिंकण्याचा दुसरा रस्ता

एकाच रस्त्यावर चालणारी टीम तीनपैकी दोन गेमच्या सामन्यात उघडी पडते. पहिल्या गेममध्ये समोरच्याने सगळं पाहिलेलं असतं. म्हणून दुसरा रस्ता हवा, आणि तो पहिल्या रस्त्यातले पोकेमॉन वापरणारा असला तर उत्तम.

टॉरकोलचा संथपणा आत्तापर्यंत दोष होता. ट्रिक रूममध्ये तो गुण होतो, कारण तिथे संथ पोकेमॉन आधी खेळतो. ट्रिक रूम पाच टर्नची, पण लावलेला टर्न त्यातच मोजला जातो. तिची प्रायॉरिटी उणे ७ असल्यामुळे ती टर्नच्या शेवटी लागते. म्हणजे हातात खरे चारच टर्न येतात. हे गणित खेळताना डोक्यात पक्कं हवं. समोरच्याच्या टेलविंडचंही तसंच, चार टर्न, लावलेला टर्न धरून.

ट्रिक रूम लावायला फारिगिराफ. तिची आर्मर टेल ही अॅबिलिटी समोरच्याचे प्रायॉरिटी असलेले मूव्ह तिच्यावर आणि तिच्या साथीदारावर चालूच देत नाही. फेक आउट बंद, एक्स्ट्रीम स्पीड बंद, व्हिम्सिकॉटचा प्रँकस्टर टाँट (ट्रिक रूमसारखे मूव्ह रोखणारा) बंद. चौथ्या पायरीतल्या यादीवरच्या दोन ओळी एका पोकेमॉनने खोडल्या. तब्येतही भक्कम: २५२ ईव्ही दिले की २२७. शिवाय ती हेल्पिंग हँड देऊन टॉरकोलचा इरप्शन आणखी दीडपट करू शकते.

ट्रिक रूममध्ये मारणारा दुसरा हात उर्सालुना. फ्लेम ऑर्ब धरला की पहिल्या टर्नच्या शेवटी तो स्वतःच भाजतो, गट्स अॅबिलिटीमुळे त्याचा अटॅक दीडपट होतो आणि फसाड या मूव्हची पॉवर ७० वरून १४० होते. यात आणखी एक फायदा दडलेला आहे. ट्रिक रूमविरुद्ध सगळ्यात त्रासदायक पोकेमॉन म्हणजे अमूंगस. तो स्वतःच इतका संथ की ट्रिक रूममध्ये उर्सालुनाच्या आधी खेळतो आणि स्पोरने झोपवतो. पण भाजलेल्या पोकेमॉनला झोप लागू शकत नाही. एक टर्न निभावला की उर्सालुनाला स्पोरची भीती उरत नाही.

सहावी पायरी: उरलेल्या दोन जागा

ड्रॅगोनाइट अजून मोकळा आहे. त्याच्यासाठी सिल्व्हिऑन. पिक्सिलेटमुळे तिचा हायपर व्हॉइस फेअरी टाइपचा होतो आणि ड्रॅगनला दुप्पट लागतो. तो दोघांना लागणारा हल्ला असल्यामुळे मल्टिस्केल फुटतानाच दुसऱ्यालाही इजा होते. फेअरी अडवणारे स्टील पोकेमॉन टॉरकोलच्या उन्हात बहुतेक जळतात, त्यामुळे दोघं एकमेकांच्या उणिवा झाकतात. ती स्वतः संथ असल्यामुळे ट्रिक रूममध्येही शोभते.

सहावी जागा इन्सिनरोरची. इंटिमिडेटने समोरच्या दोघांचा अटॅक घटवणं, फेक आउटने आपल्या फारिगिराफला ट्रिक रूम लावायला एक टर्न मिळवून देणं, आणि पार्टिंग शॉटने बाहेर पडत टॉरकोलला सुरक्षित आत आणणं, अशी तीन कामं तो करतो. आर्मर टेल फक्त समोरच्यांची प्रायॉरिटी अडवते, आपला फेक आउट चालतो. एक सावधगिरी: समोर किंगॅम्बिट असेल तर त्याच्या डिफायंटमुळे इंटिमिडेट उलटतं आणि त्याचा अटॅक वाढतो. तिथे इन्सिनरोर घरीच ठेवा.

सहाय्यक भूमिकेच्या पोकेमॉनला कमी लेखणाऱ्यांसाठी २०१४ ची जागतिक स्पर्धा आठवावी. वॉशिंग्टन डीसीमध्ये झालेली ती स्पर्धा दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू घेऊन जिंकली. पाचिरिसूचे आकडे बघून कोणीही त्याला हातात धरलं नसतं. पण तो फॉलो मीने समोरचे हल्ले स्वतःवर ओढत होता, व्होल्ट अब्सॉर्बमुळे इलेक्ट्रिक हल्ले गिळत होता, आणि शेजारचा मेगा गाराडॉस सुखरूप राहत होता. त्या टीमला जे काम हवं होतं ते त्याच्याइतकं नेमकं दुसऱ्या कोणी केलं नसतं. मला या खेळाबद्दल जे प्रेम वाटतं त्याचं मोठं कारण हेच आहे.

सातवी पायरी: स्पीडचे आकडे आणि ईव्ही

लेव्हल ५० वर ईव्हीचा हिशेब सोपा आहे. पहिल्या ४ ईव्हींना एक गुण, पुढे दर ८ ला एक. एका आकड्यात २५२ म्हणजे ३२ गुण. एकूण मर्यादा ५१०. पोषक नेचर एक आकडा दहा टक्के वाढवतो आणि दुसरा तेवढाच घटवतो.

स्पीड ठरवताना ‘शक्य तितका जास्त’ असं धरू नका, ‘कोणाच्या पुढे’ असं विचारा. लिलिगंटचा बेस स्पीड १०५. २५२ ईव्ही आणि साधं नेचर दिलं तर १५७, उन्हात ३१४. स्पीड वाढवणारं जॉली नेचर दिलं तर १७२, उन्हात ३४४. मधल्या तीस गुणांत कोण आहे? समोर टेलविंड असेल तर पूर्ण वेगाच्या टिमिड घोल्डेंगोचा स्पीड १४९ चा २९८ होतो. त्याला ३१४ पुरतात. पण जॉली गारचॉम्प १६९ चा ३३८ होतो, त्याला ३१४ पुरत नाहीत, ३४४ लागतात. गारचॉम्प सगळीकडे दिसत असेल तर जॉली घ्या. दिसत नसेल तर अटॅक वाढवणारं अॅडमंट घेऊन क्लोज कॉम्बॅट जास्त जोरात मारा. टेलविंडमधला जॉली स्नीझलर मात्र ३७८ वर जातो. त्याला कसंही गाठता येत नाही, म्हणून व्हिम्सिकॉट-स्नीझलर दिसले की या रस्त्याने जायचंच नाही.

ट्रिक रूमवाल्यांचं उलटं. टॉरकोलला स्पीडची ० आयव्ही (जन्मतः मिळणारे गुण) आणि स्पीड घटवणारं क्वायट नेचर दिलं की तो २२ वर येतो. अमूंगस कितीही संथ केला तरी ३१ च्या खाली जात नाही. म्हणजे ट्रिक रूममध्ये स्पोर पडायच्या आत इरप्शन पडतो. उर्सालुना ४९, सिल्व्हिऑन ५८ पर्यंत खाली येतात.

लिलिगंट सोडून बाकीच्यांना तब्येतीत भरपूर ईव्ही द्या. टॉरकोलला तब्येत २५२, स्पेशल अटॅक २५२. फारिगिराफ आणि इन्सिनरोरसाठी वरच्या यादीतला एकेक हल्ला कॅल्क्युलेटरमध्ये घाला, नेमका किती डिफेन्स दिला की तो सोसला जातो ते बघा, आणि तिथेच थांबा.

आठवी पायरी: आयटम, मूव्ह आणि टेरा

आयटम असे वाटले: टॉरकोलला चारकोल, लिलिगंटला फोकस सॅश (पूर्ण तब्येतीत एका फटक्यात पडू न देणारा), फारिगिराफला सिट्रस बेरी, उर्सालुनाला फ्लेम ऑर्ब, सिल्व्हिऑनला थ्रोट स्प्रे, इन्सिनरोरला सेफ्टी गॉगल्स. थ्रोट स्प्रे आवाजाचा मूव्ह वापरला की एकदा स्पेशल अटॅक वाढवतो, आणि हायपर व्हॉइस आवाजाचाच मूव्ह आहे. सेफ्टी गॉगल्समुळे इन्सिनरोरला स्पोर लागत नाही, आणि अमूंगसचा रेज पावडर त्याचे हल्ले वळवू शकत नाही.

टॉरकोलच्या चार मूव्हमध्ये इरप्शन, हीट वेव्ह, सोलर बीम आणि प्रोटेक्ट. तब्येत उतरल्यावर हीट वेव्ह इरप्शनपेक्षा जास्त मारतो. सोलर बीम उन्हात लगेच सुटतो आणि एकालाच लागतो, त्यामुळे वाइड गार्डसमोर तो उपयोगी. लिलिगंटकडे आफ्टर यू, क्लोज कॉम्बॅट, स्लीप पावडर, प्रोटेक्ट. स्लीप पावडर शंभरात पंचाहत्तर वेळाच लागतो. तो चाललाच पाहिजे अशी चाल रचू नका, चालला तर बरं असा वापरा.

प्रोटेक्टबद्दल एवढंच: डबल्समध्ये जवळजवळ प्रत्येक पोकेमॉनला तो द्या. समोरच्याचा टेलविंड किंवा ट्रिक रूमचा एक टर्न खाऊन टाकायला त्याच्याइतकं साधन नाही. लागोपाठ दुसऱ्यांदा वापरला तर तीनातून एकदाच चालतो.

टेरास्टलायझेशन (पोकेमॉनचा टाइप बदलून ‘टेरा टाइप’ घेणं) एका गेममध्ये एकदाच. म्हणून सहाही जणांना टेरा टाइप दिला तरी प्रत्यक्षात कोण वापरणार हे आधी ठरवा. इथे बहुतेक वेळा टॉरकोल किंवा उर्सालुना. टॉरकोलला फायर टेरा दिला की स्वतःच्या टाइपचा दीडपट गुणक दुप्पट होतो. लिलिगंटला घोस्ट द्या. फेक आउट नॉर्मल टाइपचा असल्यामुळे घोस्टला लागत नाही, आणि आणीबाणीत पहिल्या टर्नचा बेत त्यामुळे तडीला जातो.

नववी पायरी: बेताचा कागद

आता वरच्या दहा नावांच्या नेहमीच्या टीम घ्या आणि प्रत्येकीसमोर लीडचे दोन, मागचे दोन आणि बेताची एक ओळ लिहा.

पावसाच्या टीमसमोर, म्हणजे पेलिपर आणि आर्कालुडॉन, लीड इन्सिनरोर आणि लिलिगंट, मागे टॉरकोल आणि उर्सालुना. टॉरकोल मागे का? आर्कालुडॉनचा इलेक्ट्रो शॉट पावसात लगेच सुटतो, एरवी एक टर्न भरावा लागतो. पेलिपर आधीच मैदानात असताना टॉरकोल नंतर आणला की पाऊस जातो आणि इलेक्ट्रो शॉट अडतो. परत पाऊस हवा तर त्यांना पेलिपर बाहेर काढून पुन्हा आत आणावा लागतो, त्यात त्यांचे टर्न जातात. आर्कालुडॉन स्टील आणि ड्रॅगन असल्यामुळे फायर त्याला साधाच लागतो. त्याला पाडायचं काम लिलिगंटचा क्लोज कॉम्बॅट आणि उर्सालुनाचा हेडलाँग रश करतात.

व्हिम्सिकॉटच्या टेलविंड टीमसमोर लीड फारिगिराफ आणि टॉरकोल. ते टेलविंड लावतील, आपण ट्रिक रूम. त्यांनी दुप्पट केलेला वेग आता त्यांच्याच विरुद्ध जातो. पहिल्या टर्नला टॉरकोल प्रोटेक्ट करतो. फारिगिराफवर दोन हल्ले येतील असं धरून तिची तब्येत बांधलेली आहे.

ट्रिक रूमच्या टीमसमोर घाबरू नका. त्यांना लावू द्या. २२ स्पीडचा टॉरकोल त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या आधी खेळतो.

इन्सिनरोर आणि स्नीझलर समोर उभे राहिले आणि आपली लीड लिलिगंट-टॉरकोल पडली असेल, तर एक चाल सांगून ठेवतो. पहिल्या टर्नला लिलिगंटच्या जागी फारिगिराफ आणा आणि टॉरकोल प्रोटेक्ट करा. अदलाबदल फेक आउटच्या आधी होते, त्यामुळे आर्मर टेल लगेच लागू होऊन फेक आउट वाया जातो. स्नीझलरचा क्लोज कॉम्बॅट फारिगिराफला दुप्पट लागत नाही, कारण नॉर्मल असल्याने वाढलेला मार सायकिक असल्याने परत उतरतो. दुसऱ्या टर्नला ट्रिक रूम. लिलिगंट मागे सॅशसकट शाबूत आहे, आणि ट्रिक रूम संपली की ती परत उपयोगी पडते.

हा कागद लिहिताना एखाद्या टीमसमोर चार नावं सुचेनात, तर टीममध्ये खरी फट आहे. आणि एखादं नाव कुठल्याच ओळीत येत नसेल, तर ती जागा दुसऱ्या पोकेमॉनला द्या.

दहावी पायरी: खेळा, नोंदवा, एकच बदल करा

शोडाउनच्या लॅडरवर (क्रमवारीच्या खेळात) उतरा आणि रिप्ले जतन करा. हरलेला प्रत्येक गेम चारपैकी एका खान्यात टाका: चुकीचे चार निवडले, चुकीची चाल खेळली, टीमकडे उत्तरच नव्हतं, की नशीब फिरलं. शेवटचा खाना तपासूनच भरा. क्रिटिकल हिट चोवीसातून एकदा लागतो, तो लागला तर नशीब. पण ९० टक्क्यांचा हीट वेव्ह दोन टर्न लागोपाठ एकाच पोकेमॉनला लागण्याची शक्यता ८१ टक्के आहे. त्याच्यावर सगळा बेत टाकला आणि तो चुकला तर तो चालीच्या खान्यात जातो.

तिसऱ्या खान्यात एकच पोकेमॉन पुन्हा पुन्हा दिसला तरच टीम बदला, आणि तीही एका वेळी एका जागी. आधी मूव्ह बदलून पाहा, मग आयटम, मग टेरा, मग ईव्ही. पोकेमॉन सगळ्यात शेवटी. एकदम तीन बदल केले की कशाने फरक पडला ते कळत नाही. लॅडरवर एकच गेम असतो आणि स्पर्धेत तीनपैकी दोन, त्यामुळे मित्रासोबत पूर्ण सामने खेळा. एकाच माणसाविरुद्ध दुसऱ्या गेममध्ये लीड बदलायची की तीच ठेवायची, हे लॅडर शिकवत नाही.

स्पर्धेला जाताना

अधिकृत मोठ्या स्पर्धांमध्ये टीमशीट उघडी असते. समोरच्याला तुमचे मूव्ह, आयटम, अॅबिलिटी आणि टेरा टाइप दिसतात. ईव्ही आणि नेचर दिसत नाहीत. त्यामुळे लपवलेल्या आयटमवर उभी असलेली टीम तिथे चालत नाही, पण स्पीडचे आकडे अजूनही तुमचं गुपित असतात. लिलिगंट ३१४ वर आहे की ३४४ वर हे समोरच्याला अंदाजानेच ठरवावं लागतं. त्याची शीट वाचताना पहिल्यांदा तीन गोष्टी शोधा: फेक आउट कोणाकडे, वाइड गार्ड कोणाकडे, स्पीड बदलणारा मूव्ह कोणाकडे. या टीमसाठी बाकी सगळं त्यानंतर.

घड्याळाचाही सराव करा. प्रत्येक चालीला ४५ सेकंद, पण पूर्ण गेमसाठी स्वतःचा वेळ ७ मिनिटं. प्रत्येक टर्नला ४५ सेकंद घेतले तर दहाव्या टर्नपर्यंत वेळ संपतो. पहिल्या दोन टर्नचा विचार निवडीच्या ९० सेकंदांत उरकता आला पाहिजे, आणि बेताचा कागद पाठ असेल तर तो उरकतो. वाचवलेला वेळ ट्रिक रूमच्या शेवटच्या टर्नसाठी ठेवा. तेव्हा मैदानात बहुतेक दोन विरुद्ध दोन उरलेले असतात, स्पीडचा क्रम पुढच्या टर्नला उलटणार असतो, आणि लिलिगंटला आत आणायचं की टॉरकोलकडून शेवटचा हल्ला करून घ्यायचा हे तिथे ठरवावं लागतं.